गेमिंग संगणकाचे आयुष्य: सुटे भाग निवडण्यामागचा विचार

गेमिंगचा संगणक दोन वेगळ्या कारणांनी जुना होतो. एक कारण भौतिक आहे. कपॅसिटर सुकतात, पंख्याचे बेअरिंग खरखरू लागते, एसएसडीतल्या पेशींची पुन्हा पुन्हा लिहून घेण्याची ताकद संपत जाते. दुसऱ्या कारणात यंत्राला काहीच झालेले नसते. ते पहिल्या दिवशी चालत होते तसेच चालते, पण नव्या गेमच्या अपेक्षा त्याच्या पुढे निघून गेलेल्या असतात. पहिल्या प्रकाराला झीज म्हणू, दुसऱ्याला कालबाह्यता. दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत आणि खरेदीच्या वेळी ते एकमेकांत मिसळले जातात. 'फ्यूचर प्रूफ' म्हणून जी यादी हातात पडते तिच्यात बहुधा सर्वांत महागडा प्रोसेसर आणि सर्वांत महागडे ग्राफिक्स कार्ड असते, आणि शेवटच्या ओळीत कॅबिनेटबरोबर आलेला बिननावाचा एसएमपीएस. असा संगणक झिजेपुढेही टिकत नाही आणि कालबाह्यतेपुढेही.

या दोन कारणांच्या जोडीला तिसरी बाब लक्षात घ्यावी लागते: एक भाग बदलताना दुसरे किती भाग त्याच्यासोबत बदलावे लागतात. एसएसडी बदलायला एक स्क्रू काढावा लागतो. मदरबोर्ड बदलला तर अनेकदा प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते. माझे म्हणणे असे की टिकाऊपणासाठीचा जास्तीचा पैसा याच निकषावर वाटावा. ज्या भागाची निवड चुकली तर सगळा डोलारा हलवावा लागतो, तिथे हात आखडता घेऊ नये. जो भाग एकटा काढून एकटा बसवता येतो, तो आजच्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांच्या गरजेपुरता घ्यावा. बाकीचे विवेचन म्हणजे या विधानाची भागवार तपासणी आहे.

मागणी कोण ठरवतो

कालबाह्यता हवामानासारखी अचानक येत नाही, तिला वेळापत्रक असते. आजचे बहुतेक मोठे गेम प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसी या तिन्हींसाठी एकत्र तयार होतात. कन्सोलचे हार्डवेअर सहा-सात वर्षे फारसे बदलत नाही, म्हणून निर्माते गेमचा पाया त्यावर घालतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी होती आणि ती प्रोसेसर व ग्राफिक्स यांच्यात सामाईक होती. त्या काळात मध्यम किमतीच्या ग्राफिक्स कार्डांवर २ जीबी मेमरी ही नेहमीची गोष्ट होती. काही वर्षांतच ही कार्डे, त्यांच्यात गणनाची शक्ती शिल्लक असतानाही, टेक्श्चरच्या आकाराने अडखळू लागली.

नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स आले. दोन्हींत झेन २ रचनेचे आठ कोअर, १६ जीबी मेमरी आणि वेगवान एनव्हीएमई एसएसडी. पहिली दोन-अडीच वर्षे बरेचसे गेम जुन्या कन्सोलसाठीही निघत राहिले, त्यामुळे पीसीवाल्यांना फरक जाणवला नाही. जुन्या कन्सोलचा आधार सुटू लागला तसा तो एकदम जाणवला. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' पीसीवर आला तेव्हा ८ जीबीची कार्डे वरच्या टेक्श्चरवर धापा टाकू लागली. त्या आवृत्तीत इतरही दोष होते आणि ते पुढे बरेच दुरुस्त झाले. पण मेमरीची भूक हा दोष नव्हता, ती नव्या कन्सोलची मोजपट्टी होती.

यातून खरेदीसाठी सरळ नियम निघतो. कन्सोलची पिढी नवी असताना तिच्या वरचढ घेतलेला संगणक दीर्घकाळ चालतो, आणि पिढीच्या अखेरीस 'आज सगळे चालते' एवढ्या आधारावर घेतलेला लवकर मागे पडतो. आता आपण दुसऱ्या स्थितीच्या जवळ आहोत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनी आणि एएमडी यांनी पुढच्या पिढीसाठीच्या तंत्राबद्दल जाहीरपणे सांगितले, आणि त्यांचा भर रे ट्रेसिंग व यंत्रशिक्षणावर आधारलेल्या चित्रवर्धनावर होता. आज कार्ड घेणाऱ्याने या दोन शब्दांकडे कच्च्या वेगाइतकेच लक्ष द्यावे.

सॉकेट आणि प्रोसेसर

मदरबोर्डची खरी किंमत त्यावर पुढे काय बसू शकेल यात असते. एएमडीचे एएम४ सॉकेट हे याचे उत्तम उदाहरण. मार्च २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी ज्यांनी एक्स३७० चिपसेटचा बोर्ड घेतला, त्यांना एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी त्याच बोर्डवर, बायॉस अद्ययावत करून, बसवता आला. रॅम तीच, कॅबिनेट तेच, एसएमपीएस तोच. ९६ एमबी एल३ कॅशमुळे हा प्रोसेसर गेमिंगमध्ये त्याच्या नंतर आलेल्या अनेकांच्या तोडीस तोड राहिला. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या पायावर संगणकाला दुसरे आयुष्य मिळाले, आणि खर्च फक्त एका प्रोसेसरचा झाला.

याच्या उलट उदाहरण इंटेलचे. एलजीए११५१ हे सॉकेट २०१५ मध्ये आले. २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच आकाराच्या सॉकेटसाठी निघाले, पण ते १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर चालत नव्हते. सॉकेट तेच दिसत होते, बोर्ड मात्र नवा घ्यावा लागला. एलजीए१७०० ने नंतर बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत साथ दिली, तेवढा न्याय इंटेलला द्यायला हवा. एएमडीचे सध्याचे एएम५ सप्टेंबर २०२२ पासून बाजारात आहे आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर आज एएम५ हा जास्त सुरक्षित पाया आहे असे मला वाटते. बोर्ड घेताना मात्र दिव्यांच्या झगमगाटापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात: प्रोसेसरला वीज देणाऱ्या व्हीआरएमवर पुरेसे हीटसिंक आहे का, एम.२ चे किमान दोन स्लॉट आहेत का, आणि प्रोसेसर न बसवता बायॉस बदलता येईल असे बटण आहे का. शेवटची सोय क्षुल्लक वाटते, पण चार वर्षांनी नवा प्रोसेसर आणून जुन्या बायॉसमुळे पडदा काळा राहिला की तिचे मोल कळते.

कोअरची संख्या हा प्रोसेसरच्या निवडीतला सर्वांत फसवा मुद्दा आहे, कारण तिचा फायदा उशिरा दिसतो. जानेवारी २०१७ मधला कोअर आय५-७६००के चार कोअर आणि चार थ्रेडचा होता. त्या वर्षीच्या बहुतेक गेममध्ये तो एप्रिलमध्ये आलेल्या सहा कोअर, बारा थ्रेडच्या रायझन ५ १६०० पेक्षा वेगवान ठरला. पुढे गेम जास्त थ्रेडवर काम पसरू लागले तसे चार थ्रेडच्या प्रोसेसरवर सरासरी फ्रेमदर बरा दिसला तरी मध्येच झटके बसू लागले. आज कन्सोलमध्ये आठ कोअर आहेत. सहा कोअर, बारा थ्रेडचा आधुनिक प्रोसेसर अजून पुरतो, कारण त्याचा प्रत्येक कोअर झेन २ पेक्षा बराच पुढे आहे. पण सहा-सात वर्षांचा हिशेब असेल तर आठ घ्यावेत. त्याहून जास्त कोअर गेमिंगला सहसा उपयोगी पडत नाहीत. व्हिडिओ संपादनाचे काम नसेल तर सोळा कोअरचा पैसा वायाच जातो.

प्रोसेसर वेगाने पुरेसा असूनही अपात्र ठरू शकतो. ऑगस्ट २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' आला तेव्हा एसएसई४.१ या आज्ञासंचाच्या अभावी फिनॉम प्रोसेसरवर तो सुरूच होत नव्हता. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत २०१७ चे पहिले रायझन नाहीत. मात्र त्याच एएम४ बोर्डवर नंतरचा रायझन बसवला की हा अडथळा दूर होतो. 'व्हॅलोरंट'सारखे स्पर्धात्मक गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतात. जुना प्रोसेसर किंवा बोर्ड स्वस्तात घेताना ही तपासणी आधी करावी.

झिजेच्या दृष्टीने प्रोसेसर हा सर्वांत भरवशाचा भाग मानला जातो. याला एक गंभीर अपवाद झाला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या श्रेणीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे त्याचे कायमचे नुकसान होत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून सुधारित मायक्रोकोड दिले आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. झालेली इजा मात्र मायक्रोकोडने भरून येत नाही, म्हणून या पिढीचा वापरलेला प्रोसेसर घेणे मी टाळायला सांगेन.

ग्राफिक्स कार्ड: शक्ती, मेमरी, क्षमता

कालबाह्यतेचा जोर सर्वांत जास्त ग्राफिक्स कार्डावर असतो. त्याची तीन अंगे वेगवेगळी मोजली तरच त्याच्या आयुष्याचा अंदाज येतो.

पहिले अंग गणनशक्ती. तिची गरज पडद्याच्या पिक्सेलवर ठरते. १०८०पी मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी मध्ये ३६.९ लाख आणि ४के मध्ये ८२.९ लाख. म्हणून मॉनिटर आधी ठरवावा आणि कार्ड नंतर. ४के मॉनिटर घेणारा माणूस प्रत्येक फ्रेमसाठी १०८०पीच्या चौपट काम आयुष्यभराकरता अंगावर घेतो. टिकाऊपणा हेच ध्येय असेल तर १४४०पी, २७ इंची आणि बदलत्या रिफ्रेश दराचा मॉनिटर हा सर्वांत समतोल पर्याय आहे. बदलत्या दरामुळे कार्ड पुढे थकले आणि ६० च्या जागी ५० फ्रेम देऊ लागले, तरी चित्र फाटत नाही की अडखळत नाही. मॉनिटर दोन कार्डे सहज पाहतो, म्हणून तो चांगलाच घ्यावा.

दुसरे अंग मेमरी. फेब्रुवारी २०२१ मधले आरटीएक्स ३०६० हे ३२९ डॉलरचे, १२ जीबीचे. ऑक्टोबर २०२० मधले आरटीएक्स ३०७० हे ४९९ डॉलरचे, ८ जीबीचे. ३०७० ची शक्ती बरीच जास्त. तरीही पुढे टेक्श्चर वाढवल्यावर काही गेममध्ये हे महागडे कार्ड अडखळले आणि स्वस्तातले तरून गेले. मेमरी भरली की उरलेला डेटा पीसीआय एक्सप्रेसमधून संगणकाच्या मुख्य रॅममध्ये जातो-येतो आणि तो रस्ता कितीतरी संथ आहे. यात आणखी एक मेख आहे. आरटीएक्स ४०६० आणि ५०६० टीआय ही कार्डे सोळाऐवजी आठच लेन वापरतात. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस बोर्डवर हा रस्ता आणखी अरुंद होतो, म्हणजे ८ जीबीचे तोटे नेमके जुन्या बोर्डवाल्याला जास्त भोगावे लागतात. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी दोन्ही ८ आणि १६ जीबीमध्ये मिळतात, नाव मात्र तेच असते. दुकानदाराने नुसते मॉडेल सांगितले तर जीबी विचारून घ्या. टिकवण्यासाठी घेत असाल तर १६ चेच घ्या. वाचवायला दुसऱ्या जागा आहेत.

तिसरे अंग क्षमता, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मार्च २०१७ मधले ६९९ डॉलरचे जीटीएक्स १०८० टीआय हे टिकाऊ कार्डाचे आदर्श उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. ११ जीबी मेमरीच्या बळावर ते एक पूर्ण कन्सोल पिढी ओलांडून चालले. पण ऑक्टोबर २०२३ मधल्या 'ॲलन वेक २' ने मेश शेडर मागितले आणि तिथे ते कोलमडले, कारण ते तंत्र त्याच्या हार्डवेअरमध्येच नव्हते. डिसेंबर २०२४ मधल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' ला हार्डवेअर रे ट्रेसिंग अनिवार्य आहे. त्या गेमची किमान अपेक्षा आरटीएक्स २०६० सुपर, ८ जीबी अशी आहे. म्हणजे ११ जीबीचे १०८० टीआय क्षमतेअभावी बाहेर राहिले, आणि २०१९ चे साधे आरटीएक्स २०६०, क्षमता असूनही, ६ जीबीमुळे किमान रेषेच्या खाली गेले. एकाच गेमने दोघांना दोन वेगळ्या कारणांनी नाकारले. तिन्ही अंगांपैकी सर्वांत कमजोर अंग कार्डाचे आयुष्य ठरवते, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

क्षमतेचा फायदा उलट बाजूनेही होतो. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीडियाने डीएलएसएस या आपल्या चित्रवर्धन-तंत्राचे नवे, जास्त सुबक चित्र देणारे प्रारूप सर्व आरटीएक्स कार्डांना दिले, २०१८ च्या २० मालिकेलाही. सहा-सात वर्षांच्या कार्डाला सॉफ्टवेअरने असे आयुष्य वाढवून मिळणे पूर्वी दुर्मीळ होते. एएमडीचे तशाच कामाचे एफएसआर ४ मात्र अधिकृतपणे आरएक्स ९००० मालिकेसाठी आले, म्हणून त्या कंपनीचे आधीच्या पिढीचे कार्ड कितीही स्वस्त मिळाले तरी दीर्घ मुदतीच्या खरेदीत मी ते दुय्यम मानतो.

इतके सगळे सांगूनही सर्वांत वरचे कार्ड घ्या असे मी म्हणत नाही. समजा, एक लाखाचे कार्ड सहा वर्षांसाठी घेतले. किंवा पन्नास हजारांचे आज आणि पन्नास हजारांचे तीन वर्षांनी. पहिल्या तीन वर्षांत एक लाखवाला पुढे असेल. नंतरच्या तीन वर्षांत दुसऱ्याकडे नवी क्षमता, नवी हमी असेल, आणि पहिले कार्ड विकून आलेले पैसेही. कार्ड एकटे बदलता येते, म्हणून इथे मधली पायरीच शहाणपणाची.

रॅम आणि एसएसडी

रॅम ३२ जीबी घ्यावी, ती १६-१६ च्या दोन पट्ट्यांत. 'आत्ता एक पट्टी, पुढे भर घालू' हा डीडीआर४ च्या काळातला सल्ला डीडीआर५ ला तितकासा लागू पडत नाही. एका पट्टीने मेमरीची रुंदी निम्मी होते आणि चार पट्ट्या लावल्या तर वेग खाली आणावा लागतो. भाव उतरतील हा भरवसाही राहिला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो सुरू करायला विसरू नका; विकत घेतलेला वेग त्याशिवाय मिळत नाही.

एसएसडी टीएलसी प्रकारची, १ टीबीची पुरे. १ टीबीच्या बऱ्याच टीएलसी एसएसडींवर ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज १०० जीबी लिहिले तरी ती सोळा वर्षांहून जास्त पुरते. त्यामुळे झिजेची काळजी इथे नाही, जागेची आहे, आणि जागा दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये केव्हाही वाढवता येते.

वीज, उष्णता आणि आपली घरे

झिजेचा खरा मुक्काम एसएमपीएसमध्ये असतो. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात, आणि त्यांच्याबाबतीत अभियंते एक ढोबळ नियम वापरतात: तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांवर २,००० तासांची क्षमता असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास चालतो. रोज चार तास संगणक चालला तर ही २२ वर्षे झाली. ८५ अंशांवर २,००० तासांचा स्वस्त कपॅसिटर त्याच ६५ अंशांवर ८,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षे. पेटीवर दोघांचे वॅट सारखेच लिहिलेले असतात.

बहुतेक परदेशी परीक्षणे २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना वातानुकूलन नसलेली खोली ३८-४० ला असते, आणि खोलीचे हे वाढीव १५ अंश जवळपास जसेच्या तसे आतल्या प्रत्येक भागाच्या तापमानात मिळवले जातात. वरच्या नियमाने कपॅसिटरचे आयुष्य जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाने जाळीदार पुढच्या भागाचे कॅबिनेट, समोर दोन आणि मागे एक पंखा, आणि गरजेच्या दीडपट वॅटचा एसएमपीएस घ्यावा. काचेचा बंद पुढचा भाग दिसायला सुरेख असतो, आपल्या उन्हाळ्यात तो नको. फिल्टर काढून धुता येणारा हवा, कारण धूळ ही वर्षभराची आहे.

'८० प्लस गोल्ड' ही खूण कार्यक्षमतेची आहे. संरक्षण-मंडले आणि कपॅसिटरचा दर्जा तिच्यात मोजला जात नाही. जास्त बोलकी खूण हमीच्या वर्षांची: चांगल्या एसएमपीएसवर आज १० वर्षांची हमी मिळते आणि ती देणारी कंपनी आत काय घालायचे याचा हिशेब करूनच देते. नव्या कार्डांसाठी एटीएक्स ३.१ आणि १२व्ही-२एक्स६ जोडणी असलेला घ्या. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या वीजजोडण्या वितळल्या त्यानंतर ही जोडणी सुधारण्यात आली. तरी ती शेवटपर्यंत, फट न ठेवता बसवणे आपल्याच हाती आहे.

वीज वारंवार जाणाऱ्या गावात साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्यावा, कारण सक्रिय पीएफसी असलेल्या काही एसएमपीएसना पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह चालत नाही. आणि अर्थिंग तपासून घ्या. बऱ्याच जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसऱ्या पिनेत तारच नसते, आणि मग स्पाइक गार्डला वाढीव दाब जमिनीत सोडायला वाटच उरत नाही. वायरमनचे हे थोड्या पैशांचे काम लाखाच्या यंत्राला सांभाळते. कोकणपट्टीत आणि गोव्यात दमट, खारट हवेने संपर्कबिंदू गंजतात. तिथे संगणक पावसाळ्यात महिनोन्महिने बंद ठेवू नये.

कूलर हवेचा घ्यावा. त्यात बिघडण्यासारखा एकच भाग, पंखा, आणि तो काही शे रुपयांत बदलतो. पाण्याच्या बंद कूलरमध्ये पंप असतो आणि नळ्यांतून द्रव वर्षानुवर्षे किंचित उडत राहतो. काही वर्षांनी तो अख्खाच बदलावा लागतो.

हमी आणि बिल

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून कार्ड मागवण्याचा मोह मराठी घरांत मोठा आहे. अनेक कंपन्यांची हमी खरेदीच्या देशापुरती असते, हे आधी तपासावे. दहा-पंधरा हजार वाचवून तीन वर्षांची हमी घालवणे टिकाऊपणाच्या हिशेबात बसत नाही. वापरलेल्या कार्डांत २०२० ते २०२२ मधली कार्डे जपून घ्यावीत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबल्यावर रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे बाजारात आली होती.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, पुण्याच्या तपकीर गल्लीत घ्या किंवा ऑनलाइन मागवा, दुकानदाराने दिलेल्या यादीत एसएमपीएस आणि मदरबोर्डचे पूर्ण मॉडेल लिहिलेले नसेल तर ती यादी परत करा. 'गेमिंग बोर्ड' आणि '६५० वॅट एसएमपीएस' एवढ्यावर पैसे देऊ नका. प्रत्येक भागाचे मॉडेल आणि सीरियल क्रमांक जीएसटीच्या बिलावर लिहून घ्या आणि त्या बिलाचा फोटो काढून ठेवा; कागदी बिलावरची शाई हमी संपण्याआधी उडते.